दुर्पताबाईनं पोरगी रडवली

पोरगी उठेना. मी तिचा हात उचलून सोडला, तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. गाल थोपटले, नाव घेतलं, कानाशी टाळी वाजवली. पापण्या अर्ध्या उघड्या आणि आत नुसतं पांढरं. श्वास चालू होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. विमान ढगांच्या वर होतं. बेंगळुरू सोडून अर्धा तास झाला होता आणि नागपूर यायला तासाच्या वर वेळ होता. पोरगी म्हणजे माझी नात, आरोही, सोळा महिन्यांची. ती माझ्या मांडीवर, आणि शेजारी दुर्पताबाई.

दुर्पताबाई माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं पोरीच्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला.

"शांते, काय देल्लं वं हिले?"

"काही नाई."

"तोंडाले गोड वास येऊन राह्यला."

"मंघा बिस्कीट खाल्लं न तिनं."

"बिस्किटाचा वास मले समजते," ती म्हणाली. "पिशवी दे तुई."

मी पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्या वेळी मी खोटं बोलले, हे आधीच लिहून टाकते. पुढे लिहायला लाज वाटली असती.

तिचं नाव द्रौपदा. आमच्या गावात, वलगावला, कोणी तसं म्हटलं नाही, सगळ्यांची दुर्पताबाई. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी. घर आमच्या समोर, मधे एक गल्ली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पस्तिशीच्या आत होती आणि धुऱ्यावर बसायची. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. दिवाळीनंतर कापूस फुटला की आम्ही बायका वेचायला जायचो आणि लहान पोरं बरोबर न्यायचो. ओटीत कापूस आणि काखेत पोरगं, असं होत नाही. म्हणून सगळी पोरं धुऱ्यावर बाभळीखाली ठेवायची आणि एका बाईनं ती पाहायची. ती बाई नेहमी दुर्पताबाई. संध्याकाळी प्रत्येक बाई आपल्या ओटीतून पसाभर कापूस तिच्या ओटीत टाकायची, म्हणजे तिचं वजन भरायचं. ही पद्धत कोणी घालून दिली मला माहीत नाही. मी आले तेव्हा होती.

बारा पोरं असत तिच्याजवळ. कोणाला खरूज, कोणाला दात येत असलेले, कोणी आईशिवाय एक घटका न राहणारं. पण रडण्याचा आवाज आमच्यापर्यंत क्वचित यायचा. मला वाटलं, चापट्या मारत असेल. एकदा ओळ सोडून चोरून पाहायला गेले. तर एकाच्या हातात फुटलेलं बोंड, ते त्यातून कापूस ओढतंय, आणि सरकी निघाली की दुर्पताबाईपुढे हात करतंय. तिनं सरकी आपल्या मुठीत घ्यायची. "सरकी माही, कापूस तुहा," असं म्हणायची. कारण सरकी पोरानं तोंडात घातली असती. दुसऱ्याच्या हातात तिचं गाठोडं.

त्या गाठोड्याबद्दल सांगायला पाहिजे. जुन्या लुगड्याचे सात तुकडे, एकात एक बांधलेले. पोरानं पहिली गाठ सोडली की आत दुसरं गाठोडं, ते सोडलं की तिसरं. गाठी ती अशा मारायची की बोट घातलं तर सुटतील, पण लगेच नाही. एक पोरगं त्यात अर्धा-पाऊण तास गुंतून राहायचं. मी विचारलं, "शेवटी काय असते आत?"

"काईच नाई."

"मंग पोट्टं रडत नाई?"

"तुले काय वाटते, पोट्ट्याले वस्तू पायजे? पोट्ट्याले गाठ सोडाची हौस असते. वस्तू मोठ्या मानसाले लागते."

आणखी एक तिचं म्हणणं होतं. "सगळं एकदम दाखवू नोको. एक डाव एक. दुनिया लय मोठी हाये, पोट्ट्याले वाटून वाटून द्या लागते."

बायकांचं तिच्याशी भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. ती पोरांना झोपू द्यायची नाही. झोक्यात पोरगं झोपलं की थोड्या थोड्या वेळानं जाऊन नाकाखाली बोट धरायची. जास्त वेळ झोपलं की तळपायाला टिचकी मारून उठवायची. माझ्या थोरल्याला तिनं एका दुपारी तीनदा उठवलं. मी ओळीतून ओरडत आले.

"निजू दे न वं बाई! रातभर जागला तो, मी बी जागली."

"जागली तं जागली. मेली तं नाई न?"

"कसं बोलतं वं तू!"

"रडते ते पोट्टं जितं असते," ती म्हणाली. "गुपचूप पोट्ट्याचं मले भेव वाटते."

आम्ही समजून घ्यायचो, कारण तिची एकुलती पोरगी गेली होती. कमळी. नऊ महिन्यांची, मी गावात येण्याच्या आधीची गोष्ट. तापानं गेली असं दुर्पताबाई सांगायची. त्या काळी पोरं तापानं जात. दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. तिला पुन्हा मूल झालं नाही आणि नवराही लवकर गेला. पण आमच्या गल्लीतली चाळीस-पन्नास पोरं तिच्या हाताखालून गेली. त्यात माझी दोन्ही.

धाकटा प्रवीण बेंगळुरूला नोकरीला. त्याच्या बायकोला दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि डॉक्टरनं सांगितलं, बाळंतपणापर्यंत पलंगावरून उतरायचं नाही. आरोहीला वलगावला न्यायचं ठरलं. मी म्हटलं, मी एकटी सोळा महिन्यांचं पोरगं आणणार नाही, दुर्पताबाई येत असेल तर जाते. तिला विचारलं तर ती म्हणाली, "तुह्या पोट्ट्याचं गू-मूत म्या काढलं, आता त्याच्या पोट्टीचं बी काढू म्हनतं काय?" आणि दुसऱ्या दिवशी लुगड्याचे तुकडे फाडायला बसली.

जाताना रेल्वेनं गेलो. येताना पोरगी लहान म्हणून प्रवीणनं विमानाची तिकिटं काढली. दोघींनीही विमान आतून पाहिलेलं नव्हतं. सून पलंगावरून मला सांगत होती, "आई, विमानात मूल रडलं की सगळे वळून बघतात. मागच्या वेळी एक माणूस मला म्हणाला, सांभाळता येत नाही तर आणता कशाला? मी रडले हो तिथे."

ते माझ्या डोक्यात बसलं. मला आयुष्यात कोणी ऐकवलेलं नाही. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. सूट-बूट घातलेला कोणी परका माणूस पन्नास लोकांत मला ऐकवेल, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी खाली औषधाच्या दुकानात गेले. पोरीला सर्दी आहे असं सांगितलं. सर्दी नव्हती. पण सर्दीच्या औषधानं पोरं झोपतात हे मला माहीत होतं. निघताना कोणी नसताना एक झाकण पाजलं.

विमानतळावर पोरगी टकटक पाहत होती, झोपेचं नाव नाही. तपासणीच्या बाईनं दुर्पताबाईचं गाठोडं धरलं आणि एक एक गाठ सोडत गेली. सातवी सुटली तेव्हा आत काही नाही.

"इसमें तो कुछ नहीं है," ती म्हणाली.

"नाईच काई."

"तो इतनी गाँठें क्यों?"

"सोडाले," दुर्पताबाई म्हणाली. "तुमी नाई का सोडल्या? चांगल्या गुंगल्या होत्या तुमी."

ती बाई हसली. दुर्पताबाई खुर्चीवर बसून सातही गाठी पुन्हा बांधायला लागली. तेवढ्यात मी पोरीला घेऊन बायकांच्या संडासात गेले आणि दुसरं झाकण पाजलं.

विमान उडायच्या आधीच पोरगी झोपली. मला बरं वाटलं. "पाह्य, कशी निजली," मी म्हटलं. दुर्पताबाईनं गाठोडं मांडीवर धरून ठेवलं होतं. तिनं नाकाखाली बोट धरलं.

"लवकर निजली वं."

"थकली."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा बोट धरलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं टिचकी मारली, तेव्हा पाय हलला नाही.

तिनं माझ्या हातातून पिशवी ओढून घेतली. बाटली बाहेर काढली, उजेडाकडे धरून पाहिली. आवाज अगदी खाली आणून विचारलं, "किती?"

"दोन झाकनं. एक सकाऊन, एक मंघा."

तिनं बाटली मुठीतच धरली. उभी राहिली आणि शेतात हाक मारतात तशी हाक मारली, "ओ बाई! लेकरू उठून नाई राह्यलं!"

विमानात काम करणारी मुलगी धावत आली. तिनं डॉक्टर कोणी आहे का म्हणून भोंग्यावर विचारलं. मागून एक तरुण मुलगा आला. म्हणाला, "मी दातांचा डॉक्टर आहे." पण दुसरा कोणी नव्हता. त्यानं डोळे पाहिले, छातीला कान लावला, बाटली वाचली. त्या मुलीनं लहानसं नळकांडं आणून प्राणवायूचा मुखवटा तोंडाजवळ धरला.

"हे औषध कोणी दिलं?" त्यानं विचारलं.

तो माझ्याकडे पाहत होता, कारण आजी मी होते. मी तोंड उघडलं. मग पोरीचं झबलं नीट करू लागले.

"म्या देल्लं," दुर्पताबाई म्हणाली. "दोन झाकनं. एक मंघा, एक सकाऊन."

"अहो, एवढ्या लहान मुलाला..." तो म्हणाला आणि त्यानं नाडी धरली. मग म्हणाला, "झोपू देऊ नका. कसंही करून जागी करा. रडली तर फार चांगलं."

दुर्पताबाईनं पोरगी माझ्याकडून घेतली. मधल्या वाटेत खाली फतकल मारून बसली आणि पोरीला मांडीवर आडवी घेतली. जन्मभर तिनं पोरं हसवली. त्या दिवशी तिनं एक पोरगी रडवायला घेतली. पदर पाण्यात भिजवून तोंडावरून फिरवला. तळपायाला टिचक्या मारल्या, कानाची पाळी चिमटीत धरली, मानेवरची बारीक लव ओढली. एक संपलं की दुसरं. घाईनं काहीच करत नव्हती. तोंडानं बोलत होती, "ऊठ वं माय. ऊठ, भांड माह्यासंग. कोन मारते तुले? म्हतारी मारते. दे शिवी म्हतारीले." डॉक्टर मुलगा बोटं नाडीवर धरून बसला होता. मी खुर्चीत बसून होते. माझे हात मांडीवर होते.

वीस मिनिटं झाली असतील, जास्तही असतील. पोरीचे ओठ वाकडे झाले. दुर्पताबाईनं कानाची पाळी आणखी दाबली. आधी मांजराच्या पिलासारखा आवाज आला. मग पोरीनं श्वास आत घेतला आणि अख्खं विमान भरेल एवढं मोठं भोकाड पसरलं.

पुढच्या ओळीतला एक माणूस कानातली गाण्याची बोंडं काढून वळला. दुर्पताबाई त्याला म्हणाली, "आयका दादा, आयका. बेस रडून राह्यली."

नागपूर येईपर्यंत तिनं तिला रडती ठेवली. पोरगी पेंगली की टिचकी. उतरल्यावर सरळ दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सलाईन लावली आणि सांगितलं, वाचली, पण रात्रभर ठेवू.

दवाखान्यातल्या बाकावर मी तिला विचारलं, "काहून सांगतलं तसं? देल्लं तं म्या होतं."

तिनं मांडीवरचं गाठोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "कमळी तापानं नाई गेली, शांते."

मी तिच्याकडे वळले.

"सासूनं अफू देल्ली होती हातात. ज्वारीच्या दान्याएवढी. मनली, चाटव, निजीन, तू वेचाले जा. सगळ्याच देत होत्या तवा. म्या चाटवली. निजली. दोन ओळी वेचून आली तं निजूनच होती. मले बरं वाटलं, म्हटलं निजू दे. अजून दोन ओळी वेचल्या."

समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली.

"म्या एकडाव देल्लंच हाये," ती म्हणाली. "माह्या नावावर अजून एक गेलं तं काय फरक पडते? तुले नात वागवाची हाये. सून तुह्या हातात पोट्टी देईन का मंग?"

प्रवीणचा फोन आला तेव्हा तिनंच माझ्या हातातून घेतला आणि औषध आपण दिलं असं त्याला सांगितलं. तो काय बोलला ते मला ऐकू येत होतं. ज्या बाईनं त्याचं गू-मूत काढलं तिला तो ते बोलला. ती "हाव बाप्पा, चुकलं," एवढंच म्हणत राहिली. शेवटी त्यानं मला सांगितलं, त्या बाईला पुन्हा माझ्या मुलीजवळ येऊ द्यायचं नाही. मी "बरं" म्हटलं.

पाच महिने आरोही वलगावला होती. माझी थोरली सून दारात लक्ष ठेवून असायची. दुर्पताबाई समोरच्या ओट्यावर बसायची आणि गल्ली ओलांडायची नाही. पोरगी आईसाठी रडायची. दुपारभर रडायची. मला तिला शांत करता यायचं नाही, माझ्या हातात ती कला नाही. एका सकाळी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर गाठोडं दिसलं. सात गाठींचं. सुनेच्या आधी मी ते उचललं आणि पोरीपुढे ठेवलं. पोरगी रडायची थांबली आणि गाठ सोडायला बसली.

संध्याकाळी मी सातही तुकडे घडी करून भिंतीवर ठेवले. मला तशा गाठी मारता येत नव्हत्या. माझ्या एक तर सुटायच्याच नाहीत, नाही तर हातात घेताच सुटायच्या. सकाळी पाहते तर गाठोडं बांधलेलं. मग रोज तसंच झालं. संध्याकाळी सुटे तुकडे, सकाळी गाठोडं. पाच महिन्यांत त्यावरून आम्ही एक शब्द बोललो नाही. एक शब्द प्रवीणला बोलले असते तर ती गल्ली ओलांडून आली असती. बोलले नाही. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग पोरगी खेळायला लागायची आणि दिवस निघून जायचा.

प्रवीणच्या बायकोला मुलगा झाला, आरोही परत गेली. दुर्पताबाईला उठणं-बसणं जमेना तेव्हा तिच्या बहिणीचा पोरगा तिला अकोल्याला घेऊन गेला. पाच वर्षं अशीच गेली. मागच्या हिवाळ्यात त्याचा निरोप आला, तेव्हा मी अमरावतीहून बस धरून गेले. खाटेवर एवढीशी झाली होती. मला पाहून म्हणाली, "आली का वं? मले वाटलं, तू मातीलेच येतं."

"प्रवीणले सांगतो मी आता," मी म्हटलं. "आजच सांगतो."

"राहू दे." मग तिनं विचारलं, "पोट्टी रडते न?"

"रडते. शाळेत जाताना रोज रडते."

"मंग झालं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. मोर्णा नदीच्या काठी तिला आग दिली आणि घरी येऊन मी प्रवीणला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आई, पाच वर्षं?"

उन्हाळ्यात ते सगळे वलगावला आले. आरोही समोरच्या बंद दाराकडे बोट दाखवून मला म्हणाली, "तिथे औषधवाली आजी राहायची ना? जिनं मला झोपेचं औषध दिलं?" घरात इतकी वर्षं तिचं तेच नाव होतं.

मी म्हटलं, "औषधवाली आजी मी. ती रडवणारी." प्रवीण तिथेच होता. त्यानं मान खाली घातली.

पोरीनं मला नीट पाहून घेतलं आणि खेळायला गेली.

विमानात त्या दिवशी आम्ही तिघी होतो. आता पोरगी आहे आणि मी आहे.